रोबोनं अक्काला काय सांगितलं

नव्वदीच्या दशकात परळीच्या शिवरात्रीच्या जत्रेत एक रोबो आला. पत्र्याचं धूड, छातीवर लाल-हिरवे दिवे आणि पोटातून लोंबणारे दोन हेडफोन. भविष्य सांगायचा. आप्पा, आई, अक्का आणि मी, अशी आमची फौज निघाली. मी तर आनंदानं नुसती उड्या मारत होते. एक हेडफोन भविष्य विचारणाऱ्याचा. दुसरा मी बळकावला तो शेवटपर्यंत सोडला नाही.

अक्काचं लक्ष मात्र जत्रेत नव्हतं. रविवारी आष्टीची मंडळी तिला बघायला येणार होती आणि तिला डी.एड. करायचं होतं. हे तिनं फक्त मला सांगितलं होतं. मोठ्यांपुढे तिचं एकच उत्तर, "बरं."

पहिला नंबर आप्पांचा. त्यांचं कापडदुकान होतं. "तुमचं मन साफ आहे," रोबोनं हिंदीत सुरुवात केली, तोच आप्पांनी त्याला अडवलं. "ते ठावं हाय मला. पुढचं बोल." तो आपला बोलतच राहिला. कष्ट फार केलेत, लोकांना कदर नाही, धीर धरा. आप्पा तापले. "गिऱ्हाईकाचं ऐकून घेत न्हाईस, धंदा कसा करतोस बे?"

आईला तोच मजकूर, शब्द न् शब्द. पण तिचे डोळे भरून आले. "खरंय रे बाबा, कुणालाच कदर न्हाई," म्हणाली आणि त्याला जेवलास का म्हणून विचारलं. हसून हसून मला उचकी लागली.

मग अक्का. तिनं डोळे मिटून ऐकलं. तीच टेप.

"काय म्हणला गं?" आईनं विचारलं.

"औंदा लगीन करू नको म्हणला. आधी डी.एड. कर म्हणला."

माझी उचकी जागच्या जागी थांबली.

"मला कावून न्हाई बोलला लग्नाचं?" आप्पा म्हणाले.

"तुमचं झालंय की."

आई खो खो हसत सुटली. "माझं लई बरोबर सांगितलं त्यानं. हिचंबी खरंच असंल." आप्पा घरापर्यंत पुटपुटत आले, पण दुसऱ्या दिवशी त्यांनी आष्टीला नकाराचा निरोप धाडला.

एवढी मोठी थाप, तीही आमच्या अक्कानं! अभिमानानं मी तिला एकटीला गाठलं. "पण सरळ तूच कावून न्हाई सांगितलंस?"

"आप्पा मला एकदा वरडले असते, की मी बरं म्हणाले असते," ती म्हणाली. "रोबोसंगं भांडून बघितलं की त्यांनी. तो ऐकतच न्हाई."