म्हसवडने ओळखलेले शांघाय

नव्वदच्या दशकात म्हसवडच्या व्याख्यानमालेत मी शांघायवर बोललो आणि ते माझे सर्वांत यशस्वी व्याख्यान ठरले, असे माझ्या एका माजी सहकाऱ्याने आमच्या सांगलीच्या महाविद्यालयाच्या स्मरणिकेत लिहिले आहे. हे विधान मला मान्य नाही. सहकारी पहिल्या रांगेत होते, टाळ्या त्यांनी ऐकल्या, एवढे खरे. त्या टाळ्यांनी माझे काय केले, हे त्यांना कधी कळलेच नाही.

खेड्यांतून शांघायला आलेले गिरणी कामगार, हमाल आणि न्हावी आपापल्या गावच्या मंडळींच्या आधाराने कसे राहत, हा माझ्या संशोधनाचा विषय. त्यासाठी ऐन चाळिशीत मी चिनी भाषा शिकलो. ‘सर, चायनीजच्या गाडीवरची पाटी जरा वाचून दाखवा,’ हा विनोद करणाऱ्यांत हेच सहकारी आघाडीवर असत. पुस्तक पूर्ण होत आले, तेव्हा दिल्लीच्या एका तज्ज्ञांनी हस्तलिखित वाचून प्रकाशकांना कळवले की, लेखकाने शांघाय पाहिलेले नाही. आपलाच सातारा जिल्हा त्याने चिनी वेशात उभा केला आहे. या आक्षेपाला समर्पक उत्तर द्या, नाहीतर पुस्तक छापता येणार नाही, असे प्रकाशकांचे म्हणणे पडले. मी संतापलो. उत्तराचा मसुदा मनात घोळत असतानाच सातारा जिल्ह्यातल्याच म्हसवडचे आमंत्रण आले.

सभागृहात बहुतेक मुंबईहून परतलेले गिरणी कामगार होते. एका गावची माणसे मिळून शांघायमध्ये एक खोली घेत, असे मी म्हणताच मागून आवाज आला, “आमची बी हाय की, लालबागला!”

“पाळीनं झोपायचं का न्हाई त्यांच्यात?” दुसऱ्याने विचारले.

“झोपत. एक कामावर गेला, की दुसरा त्याच जागी आडवा होई.”

“मग आपल्यातलंच हाईत की रं गड्या! उगं चिनी म्हनायचं!”

सभागृह हसले, टाळ्या पडल्या. नव्या माणसाला कामावर कोण लावी, असा प्रश्न मी केवळ वक्तृत्वासाठी टाकला, तर अख्ख्या सभागृहाने उत्तर दिले, “मुकादम!” उत्तर बरोबर होते. पुन्हा टाळ्या. माझी वाक्ये मी पुरी करण्याआधीच ती माणसे पुरी करू लागली, आणि प्रत्येक टाळीबरोबर दिल्लीच्या त्या गृहस्थांचा आक्षेप अधिकाधिक खरा वाटू लागला. मी चीनविषयी बोलत होतो, की म्हसवडच्या माण तालुक्याविषयी?

मग मी शवपेट्यांकडे वळलो. शांघायमध्ये कोणी दगावला, तर त्याची शवपेटी गावची मंडळी जपून ठेवत आणि सोय झाली की होडीने त्याच्या गावी पोचवत. एक फेटेवाले वृद्ध उठले.

“न्हाई. आमी न्हाई आणत. तितंच जाळतो आन् गावाकडं सांगावा धाडतो.”

कोणी खोडून काढल्याचा एवढा आनंद मला आयुष्यात कधी झाला नव्हता. “बरोबर! हाच तर फरक!” मी जवळजवळ ओरडलोच.

त्यावर बायकांच्या बाजूने एक म्हातारी बसल्या जागेवरून म्हणाली, “आवं मास्तर, आणाय आलं असतं तर आणलंच असतं की. तोंड तरी बगितलं असतं.”

या वाक्यावर सभागृह रडले, असे स्मरणिकेत आहे. साफ खोटे. कोणी रडले नाही, कोणी टाळ्याही वाजवल्या नाहीत. अध्यक्षांनी घाईघाईने मला शाल-श्रीफळ दिले आणि आभारप्रदर्शन सुरू झाले.

सांगलीला परतल्यावर मी हस्तलिखितातले एकेक विधान तपासले. प्रत्येकाला चिनी कागदपत्रांचा आधार होता; तळटिपा आजही कोणी तपासाव्यात. पण कागदपत्रांच्या त्या ढिगातून नेमके हेच कागद मी का उचलले, हे तळटीप सांगत नाही. माझे चुलते मुंबईत अशाच खोलीत राहत, हे दिल्लीकरांना ठाऊक नव्हते. त्यांना ठाऊक नसताना ते दिसले कसे? की दिसले नव्हतेच, आणि नेम योगायोगाने बसला होता?

अखेर उत्तरात मी दोन वाक्ये लिहिली. शवपेटी गावी पोचवण्याच्या प्रथेसारखे माझ्या जिल्ह्यात काहीही नाही, हे पहिले. त्या प्रथेविषयी ऐकून माणमधल्या एका वृद्धेला आपल्याकडेही तसे व्हायला हवे होते असे वाटले, हे दुसरे. ही दोन्ही वाक्ये खरी होती. त्यांतले कोणते माझ्या बाजूचे आणि कोणते तज्ज्ञांच्या, हे मला तेव्हा ठरवता आले नाही.

तज्ज्ञांचे समाधान झाल्याचे प्रकाशकांनी कळवले आणि पुस्तक निघाले. समाधान नेमके कोणत्या वाक्याने झाले, असे मी लगेच लिहून विचारले. उत्तर आले नाही.