गाडीला विचारणारे मेस्त्री

ज्या मंगळवारी माझी गाडी सुरू झाली नाही, त्या मंगळवारी मेस्त्रींच्या मुलीची हळद होती. मी त्यांना फोन केला नाही. दुपारी चार वाजता माझी बायको सुलभा गेली.

हे आधीच सांगून टाकलं. आता मेस्त्रींविषयी लिहिता येईल.

बोईसर, चिंचणी, तारापूर या पट्ट्यात ज्यांच्याकडे डिझेलची गाडी आहे, त्यांच्यापैकी बऱ्याच जणांनी मेस्त्रींना कधी ना कधी पहाटे आपल्या दारात पाहिलं असेल. स्कूटर थोडी लांबच बंद करायची, चालत यायचं, आणि कोणाशी एक शब्द बोलायच्या आधी उजव्या हाताची पालथी बाजू बॉनेटवर ठेवायची. बॉनेट गार लागलं तर ते मान हलवून पिशवी खाली ठेवत. कोमट लागलं तर हात काढून घेत आणि विचारत, "कोणी चालू केली?"

उत्तर काहीही असलं तरी पुढचं वाक्य ठरलेलं असे. "उद्या येतो. तोवर चावीला हात लावू नका."

तुम्हीही अनुभवलं असेल, सकाळी सुरू व्हायला रडवणारी गाडी एकदा तापली की दिवसभर शहाण्यासारखी वागते. दहा वाजता गॅरेजमध्ये न्या, एका चावीत सुरू होते. तिथला माणूस संगणक जोडतो, काहीच सापडलं नाही म्हणतो, आणि आपणच खोटे ठरतो. मेस्त्रींचं म्हणणं साधं होतं. "गरम गाडी खोटं बोलते, सर. हिला झोपेत गाठली पाहिजे." म्हणून ते पहाटे येत. मालकाने काही सांगायला सुरुवात केली की हात वर करत. "तुमी गप्प राहा. मी तिला विचारतो."

बोईसरच्या एका सोसायटीत एक कंपनीतले अधिकारी राहत. मेस्त्रींना तळघरात उतरायला नको, म्हणून त्यांनी गाडी सुरू करून फाटकाशी आणून ठेवली. मेस्त्रींनी हात ठेवला आणि निघून गेले. दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या दिवशी मेस्त्री म्हणाले, "साहेब, तुमी मुलगी दाखवायला काढल्यासारखी न्हाऊन-माखून गाडी उभी करता. मला ती तोंड न धुतलेली पाहिजे." चौथ्या दिवसापासून त्यांनी सरळ वॉचमनशीच संधान बांधलं. पहाटे फाटकाशी दोघांचं बोलणं चाले.

"सो रही है?"

"सो रही है, मेस्त्री."

"जगाना मत."

वाणगावकडच्या एका चिकूवाल्या बागायतदाराला गाडीच्या हवेच्या नळीत कसलासा स्प्रे मारून ती सुरू करायची सवय लागली होती. मेस्त्रींनी तो डबा त्यांच्या देखत उचलून कुंपणापलीकडे भिरकावला. "पोर सकाळी उठत नाय म्हणून त्याला दारू पाजता काय? एक दिवस इंजिन फुटेल." बागायतदार वयाने मोठा, मान असलेला माणूस. पण तो डबा उचलून आणायलाही गेला नाही. पहाटे दुसऱ्याच्या अंगणात उभं राहून ओरडायला जो संकोच वाटायला हवा, तो मेस्त्रींच्या ठायी नव्हताच. माझ्या ठायी तो गरजेपेक्षा फार जास्त आहे. मी शाळेत चौतीस वर्षं मराठी शिकवलं आणि वर्गाबाहेर कोणाकडे कधी काही मागितलं नाही. मला ते आवडत असे. आता आवडत नाही.

आमच्याकडे ते आले, ते सुलभाचं डायलिसिस सुरू झाल्यानंतरच्या पहिल्या हिवाळ्यात. आम्ही चिंचणीला राहतो आणि केंद्र पालघरला. मंगळवार, गुरुवार, शनिवार, सकाळची सातची पाळी. सहाला घर सोडावं लागे. त्या वेळी इथे रिक्षा मिळत नाही. जुनी डिझेल गाडी मी त्यासाठीच घेतली होती. डिसेंबरात ती पहाटे कुरकुरू लागली. आपल्याकडे असून असून थंडी ती किती, असं मी मेस्त्रींना म्हणालो.

"माणसाला शाल लागत नाय म्हणजे गाडीला थंडी लागत नाय असं नाय," ते म्हणाले. मग त्यांनी मला वर्गात शिकवावं तसं शिकवलं. डिझेलच्या इंजिनात ठिणगी नसते. दाबलेली हवा तापते आणि त्यात डिझेल पेटतं. इंजिन गार असताना त्या हवेला ऊब द्यायला पेन्सिलीएवढे हीटर प्लग असतात, प्रत्येक सिलिंडरला एक. आमच्या चारातले दोन मेले होते.

ते काढायला त्यांनी आठ दिवस घेतले. मी म्हटलं, पान्याने फिरवलं की निघणार ना? त्यांनी माझ्याकडे दयेने पाहिलं. इतक्या वर्षांचा प्लग आतच चिकटून बसतो. जोर केला तर मोडतो, आणि तुकडा आत राहिला तर इंजिनाचं डोकं उतरवावं लागतं. "म्हणजे गाडी आठवडाभर बंद. वैनींचे तीन दिवस कुठून आणू मी?" म्हणून दुपारी पालघरहून आम्ही परतलो की, आणि एरवीच्या दिवशी मी गाडी एक चक्कर मारून आणली की, इंजिन गरम असतानाच ते येत. तेल सोडत, प्लग पाव आटा फिरवत, परत मागे घेत, आणि थांबत. दुसऱ्या दिवशी अजून पाव आटा. शोधायचं थंडीत, काढायचं गरमीत, ही त्यांची रीत.

तेल मुरेपर्यंत ते ओटीवर बसत. सुलभाला दिवसाचं पाणी मोजून होतं, चहा अर्धा कप. पहिल्या दिवशी त्यांनी तिच्यासमोर भरला कप प्यायला. मग त्यांना ते कळलं. दुसऱ्या दिवसापासून कप घेऊन ते गाडीच्या मागे जात, पिऊन, मिशा पुसून परत येत. सुलभाने ते पाहिलं होतं. ती एकदा म्हणाली, "मेस्त्री, मलाही सकाळी उठायला फार वेळ लागतो. माझा कुठला प्लग गेलाय, बघा की."

"वैनी, तुमची गाडी कंपनीची. तिला आमी लोकल मेस्त्री हात लावत नाय," ते म्हणाले, आणि ती बऱ्याच दिवसांनी मोठ्याने हसली.

आठव्या दिवशी दुसरा प्लग अख्खा हातात आला. त्यांनी तो रुमालात धरून तिला दाखवायला आणला. त्यानंतर वर्षाहून जास्त काळ गाडी पहिल्या चावीला सुरू होत राहिली. मंगळवारी, गुरुवारी आणि शनिवारी सव्वासहाला त्यांचा फोन येई. "निघाले ना?" एवढंच. मी "निघालो" म्हटलं की फोन बंद.

पुढच्या हिवाळ्यात, फेब्रुवारीत, त्यांच्या मुलीचं लग्न ठरलं. एकुलती मुलगी. हळद मंगळवारी, लग्न बुधवारी. मंगळवारचं डायलिसिस झालं की सुलभाला दुसऱ्या दिवशीही उभं राहवत नसे, लग्नाला जाणं जमणार नव्हतं. म्हणून आदल्या रविवारी मी एकटाच वाणगावजवळच्या त्यांच्या पाड्यावर आहेर द्यायला गेलो. दारात मांडव घालणं चाललं होतं. मेस्त्री आंब्याच्या डहाळ्या खांद्यावर घेऊन उभे होते. त्यांनी त्या तशाच ठेवून विचारलं, "सर, गाडी कशी उठते?"

त्या आठवड्यात ती तीनदा कुरकुरली होती. शनिवारी चौथ्या चावीला सुरू झाली होती. मी मांडवाकडे पाहिलं, बायकांच्या लगबगीकडे पाहिलं, आणि म्हणालो, "छान. पहिल्या चावीला."

ते क्षणभर माझ्याकडे बघत राहिले. मग रस्त्यावर उभ्या असलेल्या माझ्या गाडीच्या दिशेने दोन पावलं चालले आणि थांबले. "आता गरम असेल ती. विचारून फायदा नाय," ते स्वतःशीच म्हणाले. आतून कोणीतरी त्यांना हाक मारली. ते वळले.

मंगळवारी पावणेसहाला मी चावी फिरवली. सेल्फ फिरत राहिला, इंजिन पेटलं नाही. पुन्हा फिरवली. दहा-बारा वेळा. सेल्फचा आवाज जड होत गेला. सुलभा मागच्या सीटवर शाल घेऊन बसली होती. शनिवारनंतर तीन दिवस झाले होते, मंगळवारी तिचे पाय नेहमीच सुजलेले असत आणि श्वास तोकडा. मी फोन काढून मेस्त्रींचा नंबर समोर आणला.

"विचारा ना त्यांना एकदा," ती म्हणाली.

"आज हळद आहे त्यांच्याकडे," मी म्हटलं.

"हो, खरंच," ती म्हणाली. "राहू दे."

हळदीच्या दिवशी वधूच्या बापाला घरातून उठवायचं नाही, एवढं आम्हा दोघांनाही कळत होतं. सव्वासहाचा त्यांचा फोनही त्या दिवशी आला नाही. शेजाऱ्यांच्या ओळखीचा टेम्पो मिळेपर्यंत साडेआठ झाले. पालघरला पोहोचलो तोवर यंत्रावर दुसऱ्या पाळीची माणसं होती. तिथली मुलगी म्हणाली, संध्याकाळी जागा झाली तर कळवते. मी आग्रह धरला नाही. सुलभाला दम लागतो आहे, हेही सांगितलं नाही, कारण तिथे सगळ्यांनाच दम लागत होता. आम्ही घरी आलो. चार वाजता ती गेली. नंतर डॉक्टर म्हणाले, सकाळी झालं असतं तर काय, हे सांगता येत नाही. मला वाटतं, ते दयाळू आहेत.

मेस्त्री शुक्रवारी आले. मुलीची पाठवणी उरकल्यावर त्यांना कळलं होतं. त्यांच्या तळव्यांवर हळद होती, नखांत काळं तेल होतं. घरात माणसं बसली होती. ते आत आले नाहीत. अंगणात गाडी मंगळवारपासून तशीच उभी होती. त्यांनी बॉनेट उघडलं. मी बाहेर गेलो.

डिझेलच्या फिल्टरजवळ एक रबरी फुगा असतो, हाताने दाबायचा. त्यांनी तो दाबला. तो मऊ लागला, आत नुसती हवा. त्यांनी तो पंधरा-वीस वेळा दाबला. घट्ट झाला. मग माझ्याकडे हात केला. मी चावी दिली. बॅटरीत जेमतेम जीव होता, तरी गाडी सुरू झाली.

त्यांनी ती लगेच बंद केली. घरातली माणसं दाराशी आली होती.

मग ते पुन्हा बॉनेटखाली वाकले आणि एका पाइपवर बोट ठेवून म्हणाले, "पाइपला चीर हाय. रात्रीत डिझेल मागे उतरतं, सकाळी इंजिनाला हवाच मिळते. फुगा दाबायचा फक्त. फोनवर सांगितलं असतं, सर. मांडवातूनच सांगितलं असतं."

त्यांनी पाइप कापून काढला, चीर बोटाने उघडून पाहिली. "हे आठ-पंधरा दिवसांचं हाय," ते म्हणाले. म्हणजे रविवारी मी खोटं बोललो होतो, हे त्यांना त्या क्षणी समजलं. ते ओरडतील, असं मला वाटलं. बागायतदारावर ओरडले होते तसे. तेव्हा ते ओरडले असते तर बरं झालं असतं.

"माझी चूक," ते म्हणाले. "माणसाला विचारलं."

नवा पाइप बसवून ते निघून गेले.

त्यानंतर त्यांनी जे सुरू केलं, ते आमच्या भागातल्या पुष्कळांना ठाऊक आहे. ते रोज पहाटे पाचपासून सगळ्या गिऱ्हाइकांना फोन करू लागले. "गाडी उठली ना? खरं सांगा." कोणाला सुट्टी असे, कोणाची गाडी विकलेली असे. लोक आधी हसले, मग वैतागले. एप्रिल-मे आला, थंडीचं नाव नाही, तरी फोन चालूच. लोकांनी त्यांचा नंबर ब्लॉक करून टाकला. मला मात्र त्यांचा फोन कधी आला नाही. त्यांची बायको बोईसरच्या बाजारात भेटली तेव्हा म्हणाली, "सर, तुमी जरा समजवा ना त्यांना. जेवत नाय. झोपत नाय. तुमचं ऐकतील."

मी "येतो" म्हटलं. गेलो नाही. त्यांच्यासमोर उभं राहून, मेस्त्री, चूक माझी होती, मला सगळं माहीत होतं, एवढं एक वाक्य बोलायचं होतं. ते मी घरी पुष्कळ वेळा जुळवलं.

दिवाळीनंतर कळलं, त्यांनी काम सोडलं. तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत एका कारखान्याच्या जनरेटरवर नोकरी धरली. मी त्यांना एकदाच पाहिलं, पाळीच्या बसची वाट बघत रांगेत उभे असलेले. मिशा काढल्या होत्या, म्हणून ओळखायला वेळ लागला. मी जवळ गेलो.

"काम कसं आहे?" मी विचारलं.

"बरं हाय. एकच इंजिन. कधी बंदच होत नाय, त्यामुळे थंड पडत नाय."

ते वाक्य माझ्या ओठांवर आलं होतं. बस आली. मागचे कामगार ढकलू लागले. "चला, सर," ते म्हणाले आणि चढले. खिडकी मिळाली होती, पण त्यांनी बाहेर पाहिलं नाही.

गाडी मी विकली. आता इकडे थंड गाडी बघायला पहाटे कोणी येत नाही. जानेवारीत सकाळी आमच्या गल्लीत माणसं गाडी ढकलताना दिसतात. मीही खाली उतरून ढकलू लागतो. कधी सुरू होते, कधी होत नाही.