पिवळे राहिलेले टोमॅटो

आनंदनगरच्या एमआयडीसीत भाज्या सुकवून पावडर करणाऱ्या कारखान्यात मी तपासणीचं काम करते. आलेल्या मालाचा रंग, जीवनसत्त्वं मोजायची आणि पास की नापास ते लिहायचं. त्या कडक उन्हाळ्यात मी नापासच जास्त लिहिलं. घरी हेंद्रेपाड्याला परतले की स्वयंपाकाला उभं राहायचंही जिवावर यायचं.

सोनिवलीला माझ्या धाकट्या दिरांची थोडी शेती उरली आहे. चारी बाजूंना इमारती झाल्या, पण त्यांनी तुकडा विकला नाही. त्या वर्षी टोमॅटो लावले होते. म्हणाले, "वयनी, तुमच्या कंपनीत घेतील काय?"

मी साहेबांना विचारलं. त्यांनी नमुना मागवला.

फळं चांगली मऊ, पिकलेली होती, पण देठाकडे पिवळीच. लाल रंगद्रव्य अगदी थोडं भरलं, क जीवनसत्त्वही कमी. मी दुसरी फळं घेऊन पुन्हा मोजलं. तेच आलं. नापास लिहिलं आणि रविवारी सांगायला शेतावर गेले.

"पिकलाय ना पन? दाबून बगा," ते म्हणाले.

"पिकलाय, भावजी. पण फळ फार तापलं की त्यात लाल रंग तयारच होत नाही. पिवळाच राहतो. आणि तो लाल रंगच शरीराला जपतो."

"मंग खायाचा नाय?"

"खा की. वाईट नाही तो. जे असायला हवं ते कमी आहे, एवढंच."

ते बांधावर बसले. "पानी दिला, खत दिला. आता ऊन कसा कमी करू?"

 मग बसल्या बसल्या त्यांनी एका झाडाची पानं बाजूला केली. आत, सावलीत, दोन फळं लालबुंद होती. आम्ही दोघं बघत राहिलो.

त्याच आठवड्यात त्यांनी उल्हासनगरहून सावलीसाठी हिरवी जाळी आणली. बांबू रोवून मी, माझा नवरा आणि ते, तिघांनी ती बांधली. हात सोलवटले. पुढची फळं बरीच लाल झाली. नमुना पास झाला, तेव्हा मी खूश होऊन साहेबांकडे गेले.

"किती माल आहे?"

जाळी लागायच्या आधीच उन्हात बरीच फुलं गळून गेली होती. मी म्हटलं, "सात-आठ क्रेट."

"मॅडम, एवढ्याशा मालासाठी मशीन कोण चालू करणार?"

हे भावजींना फोनवर सांगितलं. ते "बरं" म्हणाले. टोमॅटो नातेवाइकांत वाटले.

यंदा उन्हाळ्यात त्यांनी माठ आणि चवळी लावली आहे. दोन्ही उन्हात तग धरून आहेत. कंपनीत घेतील का, असं त्यांनी विचारलं नाही.