चार सुट्ट्या आणि बंद गेट

युनियनमध्ये जाऊन फायदा होतो का, असं बायका मला अजून विचारतात. होतो. मुलुंडच्या त्या सोसायटीत घरकाम करणाऱ्या सगळ्या बायकांना महिन्याला चार भरपगारी सुट्ट्या मिळतात. त्या मी भांडून घेतल्या. मला मात्र आज त्या गेटातून आत सोडत नाहीत.

तिथल्या सहा घरांचा स्वयंपाक माझ्याकडे होता. कोणाच्या ओळखीनं नाही, माझ्या तोंडाच्या जोरावर मिळवलेली घरं. आपला दर आधी सांगायचा नाही. समोरचीला बोलू द्यायचं आणि मुकाट्यानं चपला घालायला लागायचं. दुसरी चप्पल पायात जाईपर्यंत दर वाढतो. म्हणून युनियनच्या ताई आल्या तेव्हा मी म्हटलं, "मला कशाला तुमची सभासदाची पावती? मी एकटी पुरून उरते."

"तू उरशील गं," त्या म्हणाल्या. "अंगात ताप घेऊन भांडी घासते तिचं काय? तिला तुझ्यासारखं तोंड नाही."

स्तुतीला भुलले आणि पावती फाडली, खोटं कशाला सांगू.

ऐन दिवाळीच्या तोंडावर काम बंद ठेवायचं, ही अक्कल माझीच. घराघरांत फराळ अर्धवट, सिंक भरलेलं. तिसऱ्या दिवशी कमिटीनं ताईंना आणि मला ऑफिसात बोलावलं. सेक्रेटरी म्हणाले, "मावशी, तुम्ही बाकीच्यांना भडकवताय."

माझं डोकं फिरलं. "तीन दिवसांत वाट लागली ना? कोण कोणाला पोसतं ते कळलं ना आता?"

त्यांनी फोन उचलून अंगठा फिरवला. वॉचमनच्या ॲपवर नाव असेल तरच आमच्यासाठी गेट उघडतं. माझं नाव त्यावरून उडालं.

मग सुट्ट्या मान्य केल्या, कागद पुढे सरकवला. ताईंनी विचारलं, "आणि हिचं नाव?"

"ते नंतर बघू."

'नंतर' म्हणजे 'नाही', हे मला कोणी शिकवायला नको होतं. पण काचेबाहेर बायका उभ्या होत्या, तीन दिवसांत निम्म्यांचा धीर सुटला होता. कागदावर पहिली सही मी केली.

त्यानंतर मला भांडायला माणूसच सापडेना. घरवाल्या फोनवर म्हणायच्या, "आम्हाला तुम्हीच हव्यात हो, पण गेट सोसायटीचं." सोसायटी म्हणायची, "आम्ही तुम्हाला कामावर ठेवलंच नव्हतं, मग काढू कसं?" कामगार कार्यालयातले साहेब म्हणाले, तुमचा मालक कोण ते आधी ठरवून या. ताईंनी पत्रांवर पत्रं दिली. शेवटी दात-ओठ खात मी माफीसुद्धा लिहून दिली. कमिटीपुढे ठेवतो, सेक्रेटरी म्हणाले.

पाच घरांनी पोळीभाजीचे डबे लावले. सहावं घर सातव्या मजल्यावर एकट्या राहणाऱ्या आजींचं; त्या तेवढ्या दर मीटिंगला माझं नाव परत लावा म्हणत राहिल्या.

आमच्यात दुसरीचं घर तिला विचारल्याशिवाय धरत नाहीत. एका दुपारी आमच्याच चाळीतली, त्याच सोसायटीत लादी-भांडी करणारी बाई दारात येऊन उभी राहिली.

"आजी डब्याचं खात नाहीत गं. वाळल्यात पार. मला म्हणाल्या, तू करशील का? धरू का घर?"

"युनियननं पाठवलं तुला?"

"युनियनला माहीत पण नाही. तू नको म्हण, नाही धरणार."

"आणि उद्या माझं नाव लागलं तर?"

"सोडीन. आईशप्पथ."

तिलाही ठाऊक होतं आणि मलाही, की आजींचं पोट भरलं की मीटिंगमध्ये माझ्या नावाचा विषय काढणारं कोणी उरणार नाही. मी तिला वाट्टेल ते बोलले. साप म्हटलं, आणखी काय काय म्हटलं. ती खाली मान घालून ऐकत राहिली, पण हलली नाही. माझं 'नको' घेऊन ती खरंच परत गेली असती.

"धर," मी म्हटलं. "कणकेत तेल जास्त घाल. दात नाहीत त्यांना."