फट नसलेलं यंत्र

"हातात आसा ता आपला," असं म्हणून अक्का डिस्क उचलायच्या. मधल्या भोकात एक बोट, कडेला अंगठा. चकाकत्या बाजूवर हलकी फुंकर, मग पदराच्या मऊ पडलेल्या टोकाने आतून बाहेर पुसणं, मग खिडकीच्या उजेडात धरून ओरखडा शोधणं. सोनार दागिना बघतो तसं चालायचं ते. तेही व्हिडिओ गेमच्या डिस्कसाठी, आणि अक्का पन्नाशी ओलांडलेल्या!

देवबागच्या शाळेत माझी बदली झाली तेव्हा मी त्यांच्या समोरच खोली घेतली. दोन्ही घरांच्या मध्ये एक अरुंद रस्ता. एका अंगाला खाडी, दुसऱ्या अंगाला समुद्र. मी गावाला नवीन म्हणून असेल, पण पहिल्या आठवड्यात मला वाटलं, अक्कांच्या घरात तरुण मुलं असावीत. संध्याकाळ झाली की आतून गेममधल्या मोटारीचा आवाज यायचा. चौकशी केल्यावर कळलं, घरात दोघीच असतात. अक्का आणि त्यांची आई.

धाकटा भाऊ बोटीवर नोकरीला. एका सुट्टीत त्याने स्वतःसाठी गेमचं यंत्र आणलं, आठ दिवसांत कंटाळला आणि टाकून गेला. अक्कांनी ते पुसलं, झाकलं, मग एक दिवस सुरू करून बघितलं. पुढे भाऊ प्रत्येक सुट्टीला बंदरांवरून जुन्या डिस्क आणायचा. कपाटात त्यांची रांग झाली.

पावसाळ्यात आमच्याकडचे वॉटर स्पोर्ट्स बंद असतात, त्यामुळे बोटी चालवणारे बाप्ये रिकामे. ते अक्कांच्या पायरीशी यायचे. "अक्का, एक सीडी दी गो."

"एक पायतान ठेव आणि व्हर."

एक चप्पल काढून ठेवायची आणि डिस्क न्यायची, हा नियम. पायरीवर एकेकट्या चपला ओळीने पडलेल्या असत आणि गावात धडधाकट माणसं एका पायाने अनवाणी फिरत. डिस्क परत आली की अक्का आधी ती उजेडात धरायच्या, मगच चप्पल सुटायची.

पण अक्कांचा स्वतःचा खेळ एकच होता. बस चालवायचा. तो त्यांनी हौसेने धरलेला नव्हता, हे मला पुढे कळलं.

आईंचं वय झालं होतं आणि आठवण विरून गेली होती. दिवसभर त्या गप्प असत. दिवेलागणीला मात्र त्यांना आरोंद्याचं माहेर आठवायचं. मग त्या लटपटत उठायच्या, खिडकीचे गज धरून ओढायच्या, आवाज बसेपर्यंत रडत लेकीला विनवायच्या. "चेडवा, माका आरोंद्याक व्हर! माका हंयसर ठेव नको!" एकदा त्यांनी तांब्या फेकला, तो अक्कांच्या कपाळाला लागला होता. त्याची खूण होती.

असल्याच एका संध्याकाळी अक्कांनी सहज ती बस सुरू केली, आणि आई रडता रडता थांबल्या. पडद्यावर रस्ता पळत होता. आई पुढे सरकून बसल्या आणि म्हणाल्या, "खंय पावलो?"

"कसाल इला," अक्का म्हणाल्या.

तेव्हापासून रोजचा प्रवास सुरू झाला. पडद्यावर कुठल्या तरी परदेशातले डोंगर, बर्फ, लांबच लांब बोगदे. अक्का हातातल्या बटणांनी बस वळवत ओरडायच्या, "ओरोस! कोण उतरता? चला, कुडाळ!" बर्फाकडे बघून आई एकदा म्हणाल्या, "मीठ खूप पिकला औंदा." सावंतवाडी येईतो त्यांचा डोळा लागायचा. आरोंदा कधी आलंच नाही. यायची गरजच पडली नाही.

स्वतः अक्का मालवणच्या पलीकडे कधी गेल्या होत्या, हे त्यांना आठवून सांगावं लागे. मासळी दारात, औषधं भाड्याच्या रिक्षाने. आईंना सोडून अर्धा तासही निघता येत नसे. मी एकदा म्हटलं, "अक्का, मी बसते आईंजवळ. तुम्ही जरा फिरून या."

"खंय जाव बाई? रोज तर सावंतवाडी करतंय."

मग एका सुट्टीत भाऊ नवं यंत्र घेऊन आला. पांढरंशुभ्र, पातळ, देखणं. जुनं यंत्र आणि डिस्कचं खोकं त्याने बायकोच्या भाच्यासाठी मुंबईला न्यायला बांधलं. "अगो, डिस्क कोण वापरता आता? सगळा डाउनलोड. झिजणा नाय, मोडणा नाय, कपाट अडणा नाय." त्याचं खरंच होतं. बसचा खेळ आता आणखी सुंदर दिसत होता. भाऊ प्रेमानेच आणून गेला होता.

अक्का मला हळूच म्हणाल्या, "बसची डिस्क मी काढून ठेवलंय. तेका रिकामो डबो धाडलंय."

"पण आता ती कशाला?"

"असांदे. हातात आसा ता आपला."

पावसाच्या तोंडावर वादळ आलं. माड पडले, तारा तुटल्या, मोबाईलचा टॉवर आडवा झाला. वीज लवकर आली, इंटरनेट आलं नाही. अक्कांनी यंत्र लावलं तर बसच्या चित्रावर कुलूप. खाली लिहिलेलं, परवाना तपासायचा आहे, इंटरनेट जोडा.

मला हाक आली. आई गजांशी उभ्या होत्या. मी जमेल ते करून बघितलं. अक्कांनी तांदळाच्या डब्यातून डिस्क काढली, पुसली आणि यंत्र हातात घेतलं. पुढून बोट फिरवलं. मागून, दोन्ही कडांनी, उलटं करून खालून. आंधळं माणूस चेहरा चाचपतं तसं. कुठे फटच नव्हती.

"बाई," त्या म्हणाल्या, "ह्येका तोंडच नाय."

आई रडत होत्या. अक्का यंत्र मांडीवर घेऊन बसून राहिल्या.

काही आठवड्यांनी इंटरनेट आलं, तेव्हा यंत्राने पासवर्ड मागितला. तो भावाच्या नावाचा, आणि भाऊ भर समुद्रात. फोन लागेना. निरोप ठेवले, ते पोचले की नाही कळलं नाही. खेळ भावाच्या नावावर, यंत्र भावाच्या नावावर, घरही भावाच्याच नावावर. अक्का रोज संध्याकाळी कडी लावून आईंना मिठीत घट्ट धरून बसायच्या. आवाज मला ऐकू यायचा.

शेवटी एका रविवारी त्यांनी गाडी सांगितली. "खराच व्हरतंय तिका." मीही बरोबर गेले. त्या चप्पल ठेवणाऱ्यांपैकी दोघांनी आईंना खुर्चीसकट उचलून गाडीत बसवलं. वाटभर आई शांत होत्या, समोरच्या काचेतून बघत. कसाल आलं, अक्का ओरडल्या नाहीत. नुसत्या बाहेर बघत राहिल्या. बाजारातली गर्दी, नव्या हायवेचे पूल. त्यांनाही ते सगळं नवीनच होतं.

आरोंद्याला माहेरच्या भाचेसुनेने दारात पाय धुवायला पाणी दिलं. घर स्लॅबचं झालेलं, पण मागची खाडी तीच. आईंना ओटीवर बसवलं. त्यांनी इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं, आणि अक्कांचा हात धरला.

"ह्या न्हय गो. चेडवा, माका आरोंद्याक व्हर."

अक्कांना हसू फुटलं. ते थांबेना, आणि मग ते हसू राहिलं नाही. भाचेसून घाबरून बघायला लागली. परतताना गाडीत त्या मला म्हणाल्या, "गेमात एक बरा होता बाई. थंय गाव कधी येवचोच नाय."

त्यानंतर आईंनी आरोंद्याचं नाव काढलं नाही. भिंतीकडे तोंड करून पडून असायच्या. भाऊ सुट्टीवर आला, त्याने मोबाईलवर दोन ठिकाणी बोट लावलं आणि कुलूप उघडलं. "एवढंच होतं? आधी कळवायचं ना कुणाकडून तरी," तो मला म्हणाला. अक्कांनी बस सुरू केली. "आये, बघ. कसाल." आईंनी कूस बदलली नाही. अक्का बराच वेळ रिकामी बस चालवत राहिल्या, मग बंद केली. आई गणपतीच्या आधी गेल्या.

मी मनात म्हटलं, आता अक्का सुटल्या. गावातही सगळे तसंच म्हणाले.

तेराव्यानंतर भावाने सांगितलं, घराचं होमस्टे करायचं आहे. "तू एकटी हंयसर काय करतलंस? चल मुंबैक." तिथे त्याच्या सासूबाई अंथरुणाला खिळलेल्या होत्या. त्याची बायको नोकरी करणारी. कुणी वाईट बोललं नाही, कुणी जबरदस्ती केली नाही. अक्कांनी चार साड्या पिशवीत भरल्या. मी विचारलं, "तुम्हाला जायचंय का पण?"

"इचारल्यानी खंय कोणी?" त्या म्हणाल्या, आणि माझा हात दाबला. "तुमी इचारल्यात. बरा वाटला."

आमचा रस्ता इतका अरुंद की गाडी वळवायला जागा नाही. देवळापर्यंत उलटीच न्यावी लागते. भाऊ मान मागे वळवून गाडी नेत होता, त्याची बायकोही मागेच बघत होती. अक्का मागच्या सीटवर पिशव्यांच्या मध्ये बसलेल्या. त्यांचंच एक तोंड आमच्याकडे होतं. काचा बंद होत्या. त्यांचे ओठ हलले, पण काय म्हणाल्या ते कळलं नाही. आम्ही शेजारीपाजारी पायरीवर उभे, आणि गाडी मागे मागे जात राहिली, अक्का आमच्याकडे बघतच.