करंजाच्या तेलातला ट्रान्सफॉर्मर

तेल दिसलं की त्याची चौकशी केल्याशिवाय पुढे न जाणारा माणूस भंडारा जिल्ह्यात एकच झाला, आणि तो नेमका माझ्या थोरल्या बहिणीच्या, आमच्या बाईच्या, वाट्याला आला. भाऊजी दिघोरीला वीज खात्यात वायरमन होते. ट्रान्सफॉर्मरच्या तेलात पाणी शिरलंय का, हे ते तापलेली सळई बुडवून पाहायचे. चर्र झालं की पाणी. माझ्या लग्नात त्यांनी आचाऱ्याच्या तेलाचीही हीच परीक्षा घेतली. "पानी हाय याच्यात," असा निकाल देऊन ते निवांत पंगतीला बसले, आणि आचारी रुसला तो रुसलाच.

त्या काळी गावोगाव एक समजूत होती, की ट्रान्सफॉर्मरचं तेल चोळलं की धरलेले गुडघे सुटतात. भाऊजींनीही बाईला बाटली आणून दिली. आठवडाभरात तिच्या पायांवर फोड उठले. ती एका शब्दानं बोलली नाही, आणि तेच त्यांना लागलं. गळलं, शेतात सांडलं, कुणी अंगाला लावलं तरी वाईट होणार नाही, असं तेल ट्रान्सफॉर्मरमध्ये हवं, हा त्यांनी ध्यासच घेतला.

मग काय, घराचा तेलघाणा झाला! जवसाच्या तेलावर साय धरली. मोहाच्या बियांचं तेल थंडीत तुपासारखं थिजलं. करंजाचं पातळ राहिलं, पण वासानं शेजारी हैराण. खात्याचं तेल तापवलं की लवकर पेट घ्यायचं. करंजाचं कितीतरी जास्त तापलं तरी दाद देत नसे.

"काहून घर जाळून राहिले तुमी?" बाई विचारायची.

"जळत नाही, तेच तं पाहून राहिलो!"

शेवटी भंगारातला एक लहानसा ट्रान्सफॉर्मर परवानगीनं अंगणात आला. त्यात करंजाचं तेल भरलं आणि त्यावर चार दिवस बल्ब जळला. पाचव्या दिवशी खात्याचे साहेब आले, खूश झाले. "वर कळवतो. फक्त सांगा, दहा वर्षं टिकेल ना?"

मी भाऊजींना मागून कोपर मारलं.

"मले का मालूम, साहेब? दहा वर्षं पाहा लागन."

साहेबांनी लिहायला काढलेला कागद घडी करून खिशात ठेवला. ट्रान्सफॉर्मर भंगारात परत गेला.

मी बाईपाशी चिडलो. नुसतं हो म्हणायला काय जात होतं?

"एक बाटली त्याईनं न पाहता देली होती मले," बाई म्हणाली. "आता अख्ख्या गावाले कशी देतीन?"

भाऊजी अंगणात एकटेच तेलाचे डबे पुसत होते. मी जाऊन त्यांच्या शेजारी बसलो.