मथे, लाईट आली गं!

धायरीत बजरंगला लोक आजही जावईबापू म्हणतात. ऐकायला किती छान! पण एकाच गावात अठ्ठावीस वर्षं जावईबापूच राहिलेल्या माणसाला विचारा, हा शब्द कसा टोचतो ते. लग्नकार्यात पहिला पाट त्याचा, पहिला चहा त्याचा. मात्र यंदा मेथी टाकायची की शेपू, हे त्याला कुणी विचारत नाही.

बजरंग मूळचा वेल्ह्याच्या डोंगरातला. चार भावांत सव्वा एकर भातखाचर, त्यातला हा धाकटा. धायरीच्या सोनबाला मुलगा नव्हता, एकटी मथुरा होती आणि विहिरीखालची दीड एकर जमीन होती. त्याने बजरंगला घरजावई करून घेतलं. माणूस कष्टाला वाघ होता, हे त्याच्या वैऱ्यालाही नाकारता यायचं नाही. त्याने बांध घातले, कोथिंबिरीचे वाफे असे आखले की बघत राहावं. पण सोनबा मरताना शेताचं सगळं सांगून गेला तो लेकीला. सातबाऱ्यावर नाव लागलं तेही तिचंच.

आणि मथुरा ही गावची लेक. सासुरवाशीण गावातून खाली मान घालून जाते. लेक पदर खोचून, मोठ्याने बोलत जाते. मथुरा बरोबरीच्या बाप्यांना नावाने हाक मारायची, चेष्टा करायची, हसायची. त्यात कुणालाच काही गैर वाटत नव्हतं. वाटत होतं ते एकट्या बजरंगला. त्याच्या वाडीत बायका सासरीच नांदत, म्हणून बाई म्हटलं की त्याच्या डोळ्यांपुढे सून यायची. स्वतःची बायको लेकीसारखी वागते, हे त्याला शेवटपर्यंत पचलं नाही.

बांधापलीकडचं शेत महिपतीचं. विहीर दोघांत सामाईक, मोटर एक, स्टार्टरची पेटी बांधावरच्या जांभळाला ठोकलेली. महिपती आणि मथुरा लहानपणापासूनचे शेजारी. तिला भाऊ नाही म्हणून ती दर भाऊबीजेला त्यालाच ओवाळायची. शेतीच्या लाइनीला वीज ठरावीक तास, आणि ते ठरलेले तासही कागदावरच. महिपतीने पेटीजवळ एक बल्ब लावून ठेवला होता. तो पेटला की तो हिरवं बटण दाबायचा आणि ओरडायचा, "मथे, लाईट आली गं!" मग मथुरा हातातलं काम टाकून पाणी धरायला पळायची. कधी नवऱ्याला वाढलेलं ताट तसंच सोडून.

त्या हाकेतला 'गं' बजरंगच्या घशात अडकून बसला. आपण हाक मारली तर ही 'आले, आले' म्हणत दहा मिनिटं लावते, आणि याच्या हाकेला वाऱ्यासारखी पळते! पळते ती पाण्यासाठी, हे त्याला कळत नव्हतं असं नाही. पण एकदा माणसाने वाईटच बघायचं ठरवलं, की त्याला कोण काय समजावणार?

त्यात ते दिवस मोठे विचित्र होते. हिंजवडीला कंपन्या आल्या आणि इकडे सिंहगड रोडच्या कडेने जमिनीला सोन्याचं मोल आलं. काल बैल हाकणारे आज जीपमधून फिरू लागले. दलाल बजरंगकडे यायचे, चहा पाजायचे आणि शेवटी म्हणायचे, "ते सगळं ठीक हाय, पण ताईंची सही लागंल." ताई सही द्यायला तयार नव्हती.

"माज्या बापाची इहीर हाय ती," ती म्हणायची. "जमीन गेल्यावर तुमी-मी काय बिल्डिंगला पानी घालायचं?"

ही अक्कल हिला महिपतीच देतो, अशी बजरंगची खात्री झाली. दोन हजार पाचच्या भाऊबीजेला महिपती ओवाळून घ्यायला आला, तेव्हा बजरंग दारातच आडवा उभा राहिला.

"हे भाऊ-बहिनीचं नाटक बास झालं. आजपासनं माज्या बायकोला हाक मारायची न्हाई."

महिपतीने हातातलं लुगडं उंबऱ्यावर ठेवलं. "बरं, दाजी," एवढंच म्हणाला आणि गेला. आत मथुरा ओवाळणीचं ताट घेऊन उभी होती. दहावीतली तनुजा आईकडे बघत होती. मथुरेने निरांजन विझवलं नाही, ते आपोआप विझेपर्यंत ती ताट पुढ्यात घेऊन बसून राहिली.

आता हाक बंद, तर पाणी कसं धरायचं? बजरंगने स्वारगेटजवळच्या दुकानातून ऑटो आणला. वीज आली की मिनिटभराने मोटर आपली आपण सुरू करणारी डबी. तिचा खटका वर असला की चालू, खाली असला की बंद. पेटीत ती बसवून घेतली तेव्हा तो किती खूश होता! मथुरेने मात्र एक नियम केला. मोटर विहिरीत खाली ओट्यावर होती. तिकडे उतरायचं, तर आधी खटका खाली, मग पायरी.

पुढच्या वैशाखातली गोष्ट. वीज गेलेली होती. मोटरच्या वायरीचा जोड सैल झाला होता, म्हणून मथुरेने खटका खाली केला, काठावर चपला काढल्या आणि चिकटपट्टी घेऊन ती विहिरीत उतरली.

थोड्या वेळाने बजरंग आला. दलालाकडे पुन्हा तेच ऐकून आला होता: ताईंची सही. पेटीजवळ येतो तो खटका खाली! त्याचं डोकंच फिरलं. आपला ऑटो हिने बंद केला, म्हणजे पुन्हा हाका सुरू करायच्या आहेत. काठावरच्या चपला त्याला दिसल्या. दिसल्या, हे मी मुद्दाम सांगतो. पण ओल्या वाफ्यांतून अनवाणी ती बांधापलीकडे गेली असणार, असंच त्याच्या मनाने घेतलं. दहा पावलं जाऊन त्याने विहिरीत वाकून बघितलं नाही. त्याने खटका वर केला आणि जांभळाखाली तंबाखू मळत बसला.

बल्ब पेटला.

पलीकडे महिपती वांग्यांत खुरपत होता. त्याने मान वर केली, बल्ब पाहिला. सवयीने त्याचं तोंड उघडलं. तेवढ्यात त्याला बजरंग दिसला आणि ते मिटलं. बजरंगने ते पाहिलं आणि त्याला बरं वाटलं. माणसाला कसल्या कसल्या वेळी बरं वाटतं!

मिनिट गेलं. मोटर गुरगुरली आणि बंद पडली. पाइपातून पाणी आलं नाही. तेव्हा कुठे बजरंगला त्या चपला खऱ्या अर्थाने दिसल्या.

पंचनामा झाला, अपघात म्हणून नोंद झाली. बाईमाणूस चुकून ऑटो चालू ठेवून उतरलं, असं सगळे म्हणाले. दहाव्याला महिपती त्याच्या पायाशी बसून रडला. "म्या वरडलो असतो तर तिनं वायर सोडली असती, दाजी. मिनिटभर येळ व्हता हातात." बजरंगने त्याच्या पाठीवर हात ठेवला. खरं सांगितलं नाही. आपलं ओझं दुसरा आपण होऊन उचलतोय, तर त्याने ते उचलू दिलं. खटक्यावर चढलेला हात अविचारी होता असं म्हणता येईल. पाठीवर ठेवलेल्या त्या हाताला मात्र माझ्याकडे माफी नाही.

वर्षभरात जमीन गेली. विहीर राडारोडा टाकून बुजवली, वर अकरा मजले उभे राहिले. बजरंगला तिसऱ्या मजल्यावर फ्लॅट मिळाला. तनुजा इंजिनियर झाली, हिंजवडीत नोकरीला लागली, बाणेरला राहते. रविवारी फोन करते, "जेवलात का?" विचारते आणि ठेवते.

महिपती मात्र दर भाऊबीजेला यायचा. मथुरेच्या फोटोपुढच्या पाटावर बसायचा, लुगडं ठेवायचा आणि दर वर्षी तेच म्हणायचा, "वरडायला पायजे व्हतं मी." मग बजरंगकडे बघत थोडा वेळ थांबायचा. बजरंग चहा टाकायला उठायचा.

अकराव्या वर्षी तो असाच येऊन बसला होता आणि बिल्डिंगची वीज गेली. पंखा थांबला. थोड्या वेळाने वीज आली, आणि खाली खेळणाऱ्या, वरच्या गॅलऱ्यांतल्या सगळ्या पोरांनी एकदम गिल्ला केला, "लाईट आलीऽऽ!"

बजरंग चहा टाकायला उठला आणि पुन्हा खाली बसला. "म्हैपती," तो म्हणाला, "खटका तिनं खाली केला व्हता. म्या वर केला."

"ठाव हाय," महिपती म्हणाला. "खटका खाली केल्याबिगर मथी कदी पायरी उतरली न्हाई."

"मग बोलला का न्हाईस?"

"तुमच्या तोंडनं ऐकायचं व्हतं, दाजी. त्याच्यासाठीच येत व्हतो." त्याने टोपी डोक्यावर घातली आणि फोटोपुढे वाकला. "येतो गं मथे."

अकरा वर्षांत त्याने तिला पहिल्यांदाच हाक मारली. आणि तो जिना उतरून गेला.

पुढच्या भाऊबीजेला बजरंगने सकाळीच पाट मांडला, फोटो पुसला, दार उघडं ठेवलं. दुपारचा चहा त्याने दोन कपांत ओतला. एक त्याने प्यायला, दुसरा संध्याकाळी मोरीत ओतून टाकला.